उतरलेलं वजन टिकतं कशावर?

‘उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच किलो उतरवले होते त्याने. दिवाळीपर्यंत सगळे परत आले.’ वयात येणाऱ्या मुलांच्या वजनाचा विषय निघाला की आईवडिलांच्या तोंडून हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकू येतंच. पाठोपाठ निदानही येतं: पोराला चिकाटी नाही. हे निदान चुकीचं आहे आणि त्याने मुलांचं फार नुकसान होतं. वजन उतरवणं हे एक काम आणि उतरलेलं वर्षानुवर्षं टिकवणं हे दुसरं. पहिलं काम मुलगा महिना-दोन महिने जिद्दीच्या जोरावर करून दाखवतो. दुसऱ्या कामात त्याचं शरीर त्याच्या विरोधात उभं असतं. तिथे घर, शाळा, झोप, ऋतू आणि एखादा न कंटाळणारा डॉक्टर या सगळ्यांनी साथ द्यावी लागते.

हे कसं घडतं ते एका वस्तीवर बोट ठेवून पाहू. दिल्लीतलं आर. के. पुरम म्हणजे रामकृष्ण पुरम. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वसवलेली वसाहत, सेक्टर एक ते तेरा, सरकारी क्वार्टर्सच्या रांगा आणि मधेमधे पार्क. तमिळ, मल्याळी, बंगाली शेजाऱ्यांमध्ये मराठी घरंही आहेत, मंत्रालयातल्या नोकरीपायी आलेली. मुलं केंद्रीय विद्यालयात, दिल्ली पब्लिक स्कूलमध्ये किंवा दिल्ली तमिळ एज्युकेशन असोसिएशनच्या शाळेत जातात. सफदरजंग आणि एम्स जवळच. म्हणजे मोठी इस्पितळं हाकेच्या अंतरावर आणि पार्क दारात. तरीही वजन परत येतं, म्हणून ही जागा उदाहरणाला चांगली.

एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. वय १४, उंची १६० सेंटिमीटर, वजन ७५ किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं: ७५ भागिले २.५६, म्हणजे २९.३. हा त्याचा बीएमआय. मोठ्या माणसांसाठी एक ठरलेला आकडा पुरतो, मुलांसाठी पुरत नाही, कारण वयाप्रमाणे तो बदलत जातो. म्हणून बालरोगतज्ज्ञ तो आकडा तक्त्यावर टिंब देऊन पाहतात. भारतात इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते वापरतात आणि ते तयार करण्यात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. या तक्त्यांवरच्या दोन रेषा अठराव्या वर्षी २३ आणि २७ ला पोचतात, पहिली जादा वजनाची, दुसरी लठ्ठपणाची. पाश्चात्त्य हिशेबात याच रेषा २५ आणि ३० ला असतात. आपल्या खाली का, याचं उत्तरही बरंचसं पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेल्या कामात आहे: सारख्याच बीएमआयच्या युरोपीय माणसापेक्षा भारतीय माणसाच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि ही ठेवण जन्मापासूनच दिसते.

आपल्या उदाहरणातला मुलगा लठ्ठपणाच्या रेषेच्या बराच वर आहे. पण एक टिंब फारसं काही सांगत नाही. रेषा कुठल्या दिशेने चालली आहे ते महत्त्वाचं. याचा एक मोलाचा पुरावा दक्षिण दिल्लीतच गोळा झाला. १९६९ पासून तिथल्या एका भागात जन्मलेल्या हजारो बाळांची उंची-वजनं संशोधकांनी वर्षानुवर्षं मोजली. ती बाळं २६ ते ३२ वर्षांची झाल्यावर त्यांच्यातल्या सुमारे दीड हजार जणांची साखर तपासली आणि निष्कर्ष २००४ मध्ये छापले. ज्यांना मधुमेह किंवा त्याच्या आधीची अवस्था आली होती, ते दोन वर्षांचे होईपर्यंत बहुधा बारीक होते. नंतर मात्र त्यांचा बीएमआय इतरांपेक्षा लवकर वर वळला आणि चढतच राहिला. बाराव्या वर्षी त्यांच्यापैकी एकही जण लठ्ठ म्हणण्याजोगा नव्हता. ‘अजून कुठे एवढा जाड आहे?’ असं म्हणून थांबणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तपासणीच्या पहिल्या भेटीत डॉक्टर आणखी दोन गोष्टी बघतात. एक, उंची. खाण्यापिण्याने वजन वाढलेली मुलं वयाच्या मानाने सहसा उंच असतात. वजन वाढतंय आणि उंची मात्र खुंटलीय, असं असेल तर थायरॉइड किंवा दुसऱ्या ग्रंथींचा आजार शोधावा लागतो. दोन, मान. मानेच्या मागे आणि काखेत कातडी काळपट, मखमलीसारखी जाड झाली असेल तर शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असते. घरोघरी तो मळ समजून घासतात. मुलगी रडकुंडीला येईपर्यंत घासतात. तो मळ नाही, घासून जायचा नाही. वजन उतरलं की हळूहळू फिका पडतो.

आता उंचीचा मुद्दा, कारण सगळ्यात मोठी सवलत तिथेच आहे. आपला मुलगा सोळाव्या वर्षापर्यंत १७० सेंटिमीटर झाला आणि वजन ७५ वरच राहिलं, तर बीएमआय किती? ७५ भागिले २.८९, म्हणजे जवळपास २६. एक किलोही न उतरवता २९.३ वरून २६! वाढत्या वयात नुसतं वजन धरून ठेवणं ही मोठी कमाई असते. काटा हलत नाही म्हणून घरात तोंडं पडतात, तेव्हा खरं तर मुलगा उत्तम चाललेला असू शकतो. मात्र ही सवलत सरत जाणारी आहे. मुलींची उंची पाळी सुरू झाल्यावर सहसा पाच-सात सेंटिमीटरच वाढते. बारा वर्षांच्या मुलीला आणि बारा वर्षांच्या मुलाला एकच सल्ला देऊन चालत नाही ते यामुळे. ‘बाळसं आहे, उंची वाढली की जाईल’ असं म्हणत आजी वाट बघत बसते, आणि नेमकी तीच वर्षं हातची जातात.

लवकर सुरुवात किती उपयोगी पडते हे स्वीडनमध्ये २०१२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं. अति लठ्ठ मुलांवर तीन वर्षं सवयी बदलण्याचे उपचार केले. सहा ते नऊ वर्षांच्या गटात ५८ टक्के मुलांचा बीएमआय लक्षणीय उतरला. चौदा ते सोळा वर्षांच्या गटात अवघ्या दोन टक्क्यांचा. हे वाचून चौदा वर्षांच्या मुलाच्या आईने हातपाय गाळायचे नाहीत. अर्थ एवढाच की या वयात, वजन फार वाढलेलं असेल तर, ‘कमी खा, जास्त पळ’ एवढा सल्ला पुरणार नाही. मदत मोठी लागेल.

का पुरत नाही? शरीराला वजन कमी होणं मानवत नाही. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. १९९४ मध्ये त्याचा शोध लागला. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदूला ते दुष्काळाचं लक्षण वाटतं. मग भूक वाढते आणि ऊर्जेचा खर्च आखडतो, जसा पगार घटल्यावर घरखर्चाला कात्री लागते. किती दिवस? ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात ५० प्रौढांचं वजन दहा आठवड्यांत अत्यल्प आहारावर उतरवलं. वर्षभराने पाहिलं तर भूक वाढवणारी संप्रेरकं तेव्हाही चढलेलीच होती. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर बसल्याजागी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं, आणि बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलेलं होतं. हे आकडे मोठ्या माणसांचे आहेत, पण मुलांच्या शरीराचा कारभारही याच धर्तीवर चालतो. त्यात वयात येताना इन्सुलिनचा परिणाम काही वर्षं सगळ्याच मुलांमध्ये मंदावतो. सुट्टीत पाच किलो उतरवलेला मुलगा सप्टेंबरात रात्री दहा वाजता स्वयंपाकघरात डबे उघडतो, तेव्हा त्याची भूक खरी असते. ते नाटक नसतं.

म्हणूनच उपाशी राहून झटपट वजन उतरवणं या वयात उलटतं. अमेरिकेतल्या मिनेसोटात किशोरांचा पाच वर्षं मागोवा घेतला गेला. सुरुवातीला जेवण चुकवणं, उपास असले उपाय करणाऱ्या मुलांची वजनं पाच वर्षांनी इतरांपेक्षा जास्त वाढलेली निघाली. हावरटासारखं खाण्याचे झटकेही त्यांच्यात जास्त होते. आपल्याकडे सकाळी डबा न नेता शाळेत जाणाऱ्या मुलीचं कौतुक होतं. ते थांबवायला हवं.

अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या एका मोठ्या अभ्यासात मुलांच्या बीएमआयमधल्या फरकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश फरक अनुवंशिकतेने समजावता आला. पण ही जनुकं आजोबांच्या काळातही होती. फरक पडला तो ताटात आणि दिनक्रमात.

ताटाकडे वळू. पिट्सबर्गचे लेनर्ड एपस्टाइन यांनी सहा ते बारा वर्षांच्या लठ्ठ मुलांचे गट केले. एका गटात मूल आणि आई किंवा वडील दोघांनीही वजन उतरवायचं आणि सवयी बदलायच्या. दुसऱ्यात फक्त मुलाने. तिसऱ्यात असं ठरावीक लक्ष्य कुणालाच नाही. दहा वर्षांनी, १९९० मध्ये निकाल छापले. पालकासह उपचार घेतलेल्या मुलांचं जादा वजन सुरुवातीपेक्षा साडेसात टक्क्यांनी कमी होतं. तिसऱ्या गटाचं चौदा टक्क्यांनी वाढलं होतं. एकट्या मुलांचा गट मधे होता. दहा वर्षं टिकलेला असा फरक या विषयात फार दुर्मीळ आहे, म्हणून मला हा सगळ्यात मोलाचा पुरावा वाटतो.

प्रत्यक्षात घराने काय करायचं? मुलासाठी वेगळं ताट मांडायचं नाही. बाकीच्यांना पराठा-लोणी आणि त्याला उकडलेला दुधी, हे आठवडाभरही चालत नाही. शिवाय तो रोज पंगतीत वेगळा पडतो. त्याऐवजी तेलाचा कॅन बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपतो असं धरू. पाच लिटर तेल म्हणजे सुमारे ४६०० ग्रॅम. चार माणसं, तीस दिवस: माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे तेलातूनच सुमारे ३४० कॅलरी. तूप-लोणी वेगळं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम सुचवलं आहे. त्याच घरात महिन्याचं तेल साडेतीन लिटरवर आणलं तर माणशी २७ ग्रॅमच होतं. म्हणजे प्रत्येकाच्या पोटात रोज शंभरेक कॅलरी कमी, एका पोळीलाही हात न लावता. केंद्रीय भंडारातून कॅन आणला की त्यावर पेनाने तारीख टाकायची. तो कधी संपला, एवढं घरातल्या मोठ्यांनी बघायचं. या हिशेबात मुलाचं नाव कुठेच येत नाही, आणि ते फार बरं.

दुसरी जागा फ्रिजचं दार. कोलाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत साखर साधारण २६-२७ ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरातली वरची साखर २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. द्रवातल्या साखरेने पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही, म्हणून ती जेवणाच्या वर जाते. ती घरात आणायचीच नाही, हे ‘तू पिऊ नकोस’ असं रोज सांगण्यापेक्षा सोपं आहे. ताक करा, नुसतं पाणी चालेल. उपासाची साबुदाणा खिचडी आणि रविवारचे छोले-भटुरे सणावाराला राहू द्या. त्यांच्यावर बंदी घातली की मूल चोरून खायला शिकतं.

दारातून बाहेर पडल्यावर घराचा ताबा संपतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ विकायला मनाई आहे. या विषयाला तोंड फुटलं ते दिल्ली उच्च न्यायालयातल्या एका जनहित याचिकेने. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. चांगलं झालं. पण सहावीनंतरचा मुलगा शाळेतून ज्या वाटेने ट्यूशनला जातो, त्या वाटेवर पन्नास मीटरचा नियम नाही. तिथे मोमोची रेहडी आहे, बन-टिक्की आहे आणि खिशात पन्नास रुपये आहेत. दुपारी दीडला जेवून संध्याकाळी साडेसहाला भुकेलेला मुलगा तिथे थांबणारच. त्याच्या दप्तरात भाजलेले चणे, उकडलेलं अंडं किंवा थालीपीठ असेल तर थांबण्याची गरज उरत नाही. घरच्या उपायांतला हा एक उपाय मला फार परिणामकारक वाटतो, कारण तो भुकेशी भांडत नाही.

ट्यूशनचा दुसरा फटका झोपेला. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप हवी. ट्यूशनहून साडेआठला परत, जेवण, गृहपाठ, मग अंथरुणात फोन, आणि सकाळी सातच्या आत शाळेची बस. सहा तास झाले तरी पुष्कळ. शिकागोत १२ तरुणांना फक्त दोन रात्री चार-चार तास झोपू दिलं, तर त्यांचं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि भूक चाळवणारं ग्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. ताटातलं तेल मोजणाऱ्या घराने फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायची पद्धत पाडावी. आईबाबांचेही फोन तिथेच.

खेळाबद्दल दिल्लीकरांची अडचण खरी आहे. रोज साठ मिनिटं अंगमेहनतीची हालचाल हवी हे सगळ्यांना पाठ आहे. पण मे-जूनमध्ये पारा ४५ कडे सरकतो आणि दिवाळीनंतर हवा इतकी बिघडते की शाळाच मैदानावरचे खेळ बंद करतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर वर्गही ऑनलाइन गेले. म्हणजे वर्षातले कित्येक आठवडे पार्क दारात असून निरुपयोगी. नेमक्या त्या आठवड्यांत वजन चढतं. म्हणून व्यायामाची योजना दोन भागांत करावी लागते. फेब्रुवारी-मार्च आणि पावसाळ्यानंतरचे दिवस मैदानाचे: क्रिकेटपेक्षा फुटबॉल, बॅडमिंटन, सायकल, किंवा संध्याकाळी मलाई मंदिराची टेकडी चढून येणं. बाकीचे दिवस घरातले: दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, जोर-बैठका. निव्वळ व्यायामाने फार किलो उतरत नाहीत हेही सांगून ठेवतो. उतरलेलं टिकवायला आणि इन्सुलिनचं काम सुधारायला मात्र तो लागतोच.

आणि चेष्टा. ‘मोटू’ ही हाक पार्कातून येते, वर्गातून येते, आणि लग्नसमारंभात मामा-काकांकडूनही येते. वजनावरून चिडवली गेलेली मुलं पुढे जास्त जाड होतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. चिडवलेला मुलगा पीटीच्या तासाला मागे लपतो, खेळ सोडतो, खोलीत बसतो आणि खाण्यात दिलासा शोधतो. प्रेमापोटी म्हटलं म्हणून ते शब्द कमी लागत नाहीत. घरात वजनाचा विषय डॉक्टरांच्या भेटीपुरताच ठेवावा. बोलायचंच तर खाण्याबद्दल, खेळाबद्दल, झोपेबद्दल बोलावं, आणि तेही सगळ्यांच्या.

आता डॉक्टर. अमेरिकेतल्या शिफारशी म्हणतात की तीन ते बारा महिन्यांत मिळून निदान २६ तास प्रत्यक्ष मार्गदर्शन मिळालं तर सवयी बदलण्याच्या उपचारांचा गुण येतो. सव्वीस तास! सरकारी दवाखान्याच्या रांगेत डॉक्टरला मिळतात काही मिनिटं. हे अंतर भरून काढायला कुटुंबाला थोडी शिस्त लागते: दर महिन्याला ठरलेल्या तारखेला उंची, वजन आणि कंबर मोजून वहीत लिहायची, दर तीन महिन्यांनी तक्त्यावर टिंब द्यायचं, आणि आहारतज्ज्ञ, शाळेचे पीटी सर, बालरोगतज्ज्ञ यांच्यापैकी कुणीतरी एकाने वर्षभर त्या मुलाला विचारत राहायचं. पहिल्या एक-दोन महिन्यांत काहीतरी फरक पडला तर पुढचा रस्ता बरा जातो. पडला नाही तर तोच सल्ला वर्षभर घासत न बसता उपचार वाढवायचा.

वाढवायचा म्हणजे बालरोग अंतःस्रावतज्ज्ञाकडे जायचं. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाची चाचणी बारा ते सतरा वर्षांच्या २०१ मुलांवर झाली. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचा बीएमआय १६ टक्क्यांनी उतरला, इतरांचा जागच्या जागी राहिला. वजन उतरवण्यासाठी हे औषध २०२५ पासून भारतात विकायलाही आलं. मात्र प्रौढांमध्ये ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. औषध थांबलं की शरीराची जुनी ओढ परत सुरू होते. आठवीतल्या मुलाला औषध सुरू करायचं की नाही, हे किती वर्षं घ्यावं लागेल याचा विचार करूनच ठरवावं, मित्राच्या वडिलांनी घेतलं म्हणून नव्हे. अति लठ्ठ किशोरांवरच्या शस्त्रक्रियेचे अमेरिकेतले दहा वर्षांचे निकाल २०२४ मध्ये आले: २६० जणांचा बीएमआय सरासरी २० टक्क्यांनी कमी राहिला होता. तो मार्ग थोड्यांसाठीच, पण त्याबद्दल लाज वाटण्याचं कारण नाही.

सरकारी वसाहतीत एक अडचण अशी असते, जी इस्पितळांच्या कागदावर कुठेच येत नाही: बदली. मुलाची घडी बसलेली असते, फुटबॉलचे मित्र असतात, डॉक्टर नावाने ओळखत असतात, आणि एप्रिलमध्ये आदेश निघतो. नव्या गावी केंद्रीय विद्यालयात प्रवेश मिळतो, गॅस मिळतो, क्वार्टर मिळतं. खेळ आणि डॉक्टर मात्र सहा-आठ महिने मिळत नाहीत, आणि तेवढ्यात दोन वर्षांची मेहनत वाया जाते. म्हणून सामान बांधताना वाढीच्या तक्त्याची प्रत, उंची-वजनाची वही आणि शेवटचे रक्ताचे रिपोर्ट शाळेच्या दाखल्याबरोबर एकाच फायलीत ठेवा. नव्या ठिकाणी पहिल्याच महिन्यात बालरोगतज्ज्ञाची वेळ घ्या, आणि खोकी उघडायच्या आधी मुलासाठी संध्याकाळचं मैदान शोधा.